सिस्टरबाईंचा इलेक्ट्रिक पंप

नागपूरच्या इंदोऱ्यातली ती खोली बघायला मी गेले तेव्हा घरमालकीण गाडीखाली होत्या. अंगणात एक निळी डिझेल पिकअप उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. रबरी चपला, आणि घोट्याच्या बरंच वर खोचलेलं पांढरं पातळ. बोलावं तरी कुणाशी? शेवटी मी पायांनाच म्हटलं, "खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं."

"कोन तू?" पाय म्हणाले.

"मी कॉलेजात लागलेय. नवीनच. इंग्रजी शिकवते."

"बरं झालं आली तं. तो बारा नंबरचा पाना दे बरं."

फरशीवर दहा-बारा पाने पसरलेले होते. त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारा मी उचलून दिला. तो लगेच परत बाहेर आला.

"हा चौदाचा आहे. त्याच्यावर लिवलं आहे ना वं. इंग्रजीतच लिवलं आहे."

अशी मला खोली मिळाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीकडून मी एकटी नागपूरला आले होते आणि पुढची साडेचार वर्षं त्याच खोलीत राहिले.

घरमालकिणीला सगळा मोहल्ला सिस्टरबाई म्हणे. तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेली. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर एका सरकारी कचेरीच्या लिलावातून त्यांनी ही पिकअप उचलली. भावानं कपाळाला हात लावला. म्हातारपणी बाईमाणसानं घर शाकारावं, तीर्थाला जावं, गाडी कसली घेते? सिस्टरबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "तीस वर्सं मी रिक्षात मांगं बसून ड्युटीवर गेली. आता समोर बसतो म्हनलं."

गाडी चालवायला त्यांना एका ट्रक ड्रायव्हरनं शिकवलं. त्याचा मोडलेला पाय त्यांच्याच वॉर्डात तीन महिने टांगलेला होता, त्या उपकाराची फेड म्हणून. त्यामुळे त्यांचं चालवणं अस्सल ट्रकवाल्याचं होतं. कोपर खिडकीबाहेर, निघण्यापूर्वी काठीनं चारही टायर ठोकून बघणं, पुलाआधी एक लांब हॉर्न. गुरूच्या शिव्या तेवढ्या त्यांनी गाळल्या होत्या, पण त्यांच्या जागा तशाच ठेवल्या होत्या. कुणी सायकलवाला आडवा आला की त्या म्हणायच्या, "अरे..." मग एका शिवीपुरतं थांबायच्या, आणि मग "पाहून चाल ना बापा!"

गाडी त्या भाड्यानं देत, पण स्वतःसकट. भिवापूरहून मिरच्यांची पोती कळमन्याच्या बाजारात, संत्र्याच्या पेट्या, कुणाची बदली झाली तर त्याचा संसार. एक गोष्ट मात्र त्यांच्या गाडीच्या मागच्या हौद्यात चढत नसे. नवरीच्या बापानं नवऱ्याला द्यायचं सामान. कपाट किंवा पलंग दिसला की त्या विचारत, "हे कोनं देल्लं? अन् कोनाले?" एकदा एका गृहस्थानं खोटं सांगून दिवाण चढवला. कमाल चौकात गप्पांच्या ओघात त्याच्या तोंडून खरं निघालं. सिस्टरबाईंनी गाडी बाजूला घेतली, मागची फळी पाडली आणि दिवाण तिथंच रस्त्याच्या कडेला उतरवला. "ज्याले झोपाचं आहे त्यानं उचलून न्यावं." तो गृहस्थ दिवाणावर बसून राहिला होता, हे मी कॉलेजातून परत येताना डोळ्यांनी पाहिलं.

लिंबू-मिरचीही त्यांनी गाडीला कधी बांधली नाही. "छप्पन साली आमच्या साऱ्या घरानं दीक्षा घेतली, तवाच हे सुटलं," त्या म्हणत. "मिरची भाजीत टाकाची असते, बंपरले नाही."

तर या गाडीला एक दुखणं होतं. ती हवा खायची.

डिझेलच्या गाडीला हवेचं वावडं असतं, हे ज्ञान मला त्या अंगणात मिळालं. टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलायला इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप असतो. टाकीपासून येणाऱ्या नळीला कुठं सुईएवढं भोक पडलं तरी तो डिझेलबरोबर हवाही ओढतो, आणि हवा आत गेली की गाडी बसली. मग बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि पंपाची इवलीशी दांडी अंगठ्यानं दाबत बसायचं, फेस यायचा थांबेपर्यंत. हिवाळ्यात सिस्टरबाईंचा अंगठा सुजलेला असे. नळी दोनदा बदलली, तरी तेच. एकदा उमरेड रोडवर भर दुपारी वीस पोती मिरची भरलेली गाडी बसली. मी हौसेनं बरोबर गेले होते. वारा आमच्या दिशेनं वाहत होता. आम्ही दोघी शिंकत होतो आणि त्या अंगठ्यानं पंप मारत होत्या. एका शिंकेत आणि दुसऱ्या शिंकेत त्यांनी निर्णय जाहीर केला, "करंटवाला पंप लावतो."

घाट रोडवरच्या एका स्पेअरच्या दुकानातून तो आला. चहापत्तीच्या डब्याएवढा, दोन्ही बाजूंना पितळी तोंडं, अंगावर एक बाण कोरलेला. दुकानदारानं सांगितलं, हा परदेशी माल आहे, बोटीच्या इंजिनाला लावतात. सिस्टरबाईंना तेवढं पुरलं. "पान्यात चालते तं जमिनीवर काहून नाही चालनार?"

कामठी रोडवर टिनाच्या शेडमध्ये एक मिस्त्री होता. गाडीचं मोठं काम तो करायचा. सिस्टरबाईंचा त्याच्यावर विश्वास होता आणि त्याचा त्यांच्यावर अजिबात नव्हता. तो म्हणाला, "डिझेलच्या गाडीले करंट लावून राहिल्या तुमी? पेट्रोलच्या गाडीचे चोचले आहेत हे. आपल्या हातानं नाही होनार."

"तुह्या हातानं कोन लाव म्हनते? मी लावतो. तू पाहाले ये."

आणि तो खरंच पाहायला आला. रविवार होता. अंगणात बाज टाकून, शेंगदाण्याचा पुडा घेऊन बसला.

पंपाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद होता. तो माझ्या हाती आला. "तू प्रोफेसरीन ना? वाच." मी विद्यार्थिनींना कवितांचा अर्थ सांगणारी बाई. त्या कागदावर ज्या शब्दांवर सगळं अवलंबून होतं, नेमके तेच मला येत नव्हते. तरी मी रेटून नेलं. पंप टाकीजवळ, टाकीपेक्षा खाली बसवा, म्हणजे तो ओढत न बसता डिझेल पुढे ढकलेल. बाण इंजिनाकडे. आधी जाळीचा फिल्टर. तार किल्लीवरून आणा, मधे फ्यूज घाला. शेवटच्या ओळीत, जुना पंप तसाच ठेवणार असाल तर त्याचा 'डायफ्रॅम' शाबूत आहे याची खात्री करा, असं काहीसं होतं. डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, एवढंच मला ठाऊक. तो गाडीला कुठून असणार? छापताना चूक झाली असेल असं मनाशी ठरवून मी म्हटलं, "बाकी विशेष काही नाही."

सिस्टरबाईंचं काम बघत राहावं असं होतं. रबरी नळी त्यांनी आधी उकळत्या पाण्यात घातली, म्हणजे मऊ होऊन तोंडावर नीट चढते. चुलीवरचा भात त्यासाठी उतरवला होता. नळीत कचरा राहू नये म्हणून तिच्यातून गॉजचा बोळा दोऱ्यानं ओढला. फ्यूजच्या जोडाला चिकटपट्टी अशी गुंडाळली की वाटावं, उद्या ड्रेसिंग बदलायचंय. मी बाजूला बसून पाने देत होते, आता नंबर वाचून. मिस्त्री मधूनमधून "अं हं," "पाहा बापा," एवढंच म्हणत होता. सगळं होत आलं तेव्हा त्यानं एकच सल्ला दिला.

"जुना पंप काढू नका. राहू द्या लाइनीत. नवा बंद पडला तं तो कामी येईन."

सल्ला शहाणपणाचा वाटला. टाकीतून डिझेल नव्या पंपातून जुन्यात आणि जुन्यातून पुढे, असा रस्ता झाला.

किल्ली फिरवल्याबरोबर गाडीच्या पोटातून टकटक-टकटक ऐकू यायला लागलं. सिस्टरबाईंनी दहा टकटक मोजले आणि इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्यात सुरू. मिस्त्रीच्या तोंडातला शेंगदाणा तसाच राहिला. त्यानंतर दोन महिने गाडी एकदाही बसली नाही. सिस्टरबाई शेजारणींना बोलावून बोलावून ती टकटक ऐकवत. दूधवाला, पोस्टमन, माझ्या कॉलेजच्या प्राचार्या, सगळ्यांनी गाडीशी वाकून ती ऐकली आहे. "मी बसवला," एवढं बोलून त्या गप्प होत. बाकीचं ऐकणाऱ्यानं म्हणावं अशी अपेक्षा असे.

मग मिस्त्रीच्या मुलीचं, छायाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा कामठीचा, लग्न तिथंच, दुपारी बाराला. नवरीला आणि घरच्या बायाबापड्यांना न्यायला त्यानं सिस्टरबाईंची गाडी मागितली. त्या लगेच हो म्हणाल्या.

"अन् एक छोटं कपाट आहे," मिस्त्री चाचरत म्हणाला.

"मान्सं येतील. कपाट नाही."

"त्याहीनं मांगितलं नाही सिस्टरबाई, मी आपल्या खुशीनं..."

"खुशी तुही, गाडी माही."

मिस्त्री दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सिस्टरबाईच त्याच्या शेडवर गेल्या. रोज सकाळी त्या इंजिनातली तेल मोजायची काडी काढून बघायच्या. "मिस्त्री, तेल वाढून राहिलं रे गाडीत. नखभर."

मिस्त्री मनापासून हसला. "लोकायचं तेल जळते, तुमचं वाढते! नशीबवान आहा. जास्तीचं मले देजा." त्यावर सिस्टरबाईही हसल्या. मला जरा नवल वाटलं, कारण इतक्या सहज हसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आठवडाभर गाडी चालली.

लग्नाच्या सकाळी साडेआठला अंगणात वीसेक माणसं जमली होती. पांढरी लुगडी, गजरे, पोरं. नवरीही पांढऱ्या साडीत, बाजेवर बसलेली. मिस्त्री पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून आला होता, केसाला तेल लावून. हौद्यात सतरंजी अंथरून झाली होती. सिस्टरबाईंनी तेलाची काडी काढली, बघितली, पुसून पुन्हा घातली, पुन्हा बघितली.

"गाडी नाही निघनार," त्या म्हणाल्या. "दोन बोटं वाढलं. हे तेल नाही, याच्यात डिझेल उतरून राहिलं. जुना पंप फाटला असन."

मिस्त्रीचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"तेलाचं निमित्त काहून करता? सरळ सांगा ना, कपाटाचा राग आहे. माह्या पोट्टीच्या लग्नाच्या दिवशी..."

"मिस्त्री, गाडीले हात लावू नको."

"वीस वर्सं झाले मले इंजिनं खोलून! तुमी मले शिकवता?"

आणि त्यांनी अडवायच्या आत त्यानं आत हात घालून किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं, क्षणभर नीट चाललं, आणि मग आपलं आपणच वाढायला लागलं. ॲक्सिलेटरवर कुणाचा पाय नव्हता. गुरगुर झाली, मग किंकाळी झाली. निळापांढरा धूर अंगणभर पसरला. मिस्त्रीनं किल्ली बंद केली, बंद करायची दांडी ओढली. काही उपयोग नाही. इंजिन टाकीतलं डिझेल पीत नव्हतंच, ते आपल्या पोटातलं पातळ झालेलं तेल पेटवत सुटलं होतं. बाया पोरांना उचलून पळाल्या. कुणीतरी ओरडलं, "फुटते आता!" नवरी बाजेवरून उठलीच नाही, तिला मी दंडाला धरून ओढलं.

सिस्टरबाईंनी पायातली रबरी चप्पल काढली, बॉनेट वर केलं, आणि इंजिन ज्या नळकांड्यातून हवा घेतं त्याच्या तोंडावर ती दोन्ही हातांनी दाबून धरली. सगळं अंग त्यावर टाकलं. इंजिनानं तीन आचके दिले आणि ते थांबलं.

इतकी शांतता झाली की लांबवर कुणीतरी धुणं आपटत होतं तेही ऐकू आलं. सिस्टरबाईंनी चप्पल ओढून काढली. मधोमध बशीसारखा खळगा पडला होता. त्यांनी ती जमिनीवर टाकली आणि पायात घातली.

मिस्त्रीनं सदरा काढून पेरूच्या फांदीला अडकवला आणि बनियनवर गाडीखाली शिरला. तळाचा बोल्ट काढला तर जे बाहेर आलं त्याला तेल म्हणणं कठीण होतं, पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा भपकारा. जुना पंप खोलला. आतला रबरी पडदा बोटभर फाटलेला होता. एरवी तो थेंबथेंबच गळला असता, पण मागून नवा पंप जोरानं डिझेल ढकलत होता, ते सगळं त्या फटीतून इंजिनात उतरत राहिलं.

"याले डायफ्रॅम म्हनते," मिस्त्री हळूच म्हणाला.

तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, मी कागदाची ती शेवटची ओळ कबूल केली. मला वाटलं होतं, आता दोघंही माझ्यावर तुटून पडतील. सिस्टरबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुले इंग्रजी येत नाही हे मले पह्यल्याच दिवशी कळलं होतं. तो डबा पकड."

जुना पंप काढला की इंजिनाच्या अंगाला भोक राहतं, ते बुजवायला हवं होतं. मिस्त्रीनं जाड पत्रा कापून झाकण केलं. खाली घालायला जाड कागद हवा होता. शेडवर जायला वेळ नव्हता. त्यानं हौद्यात पडलेली लग्नपत्रिका उचलली, दोन घड्या घालून कातरली आणि ग्रीस लावून झाकणाखाली बसवली. नवऱ्याचं नाव आतल्या बाजूला गेलं आणि छायाचं बाहेर राहिलं. नळी सरळ नव्या पंपावरून फिल्टरला जोडली. घरात ठेवलेल्या डब्यातलं नवं तेल घातलं. किल्ली सिस्टरबाईंनी फिरवली. इंजिन सुरू झाल्यावर त्या डोळे मिटून दहा मिनिटं नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. नवऱ्याकडचा एक माणूस सायकलवरून येऊन "किती वेळ?" विचारून गेला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "चढा."

पावणेअकरा झाले होते. नवरी पुढे, आमच्या दोघींच्या मधे. इंजिन फुटता फुटता वाचलेलं पाहून ती आधीच घाबरलेली, त्यात घर सुटत होतं. तोंडावर पदर दाबून हुंदके गिळायला लागली. सिस्टरबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मोठ्यानं रड वं. इंजिनात कोनाले ऐकू येत नाही." मग ती खरोखर मोठ्यानं रडली, आणि कामठीचा नाका आला तेव्हा नाक पुसून, माझं काजळ पसरलं का, असं मला विचारायला लागली.

मांडवापाशी पोचलो तर कपाट आमच्या आधी हजर. मिस्त्रीनं ते पहाटेच ठेल्यावर टाकून रवाना केलं होतं. सिस्टरबाईंनी कपाटाकडे ढुंकून पाहिलं नाही. सावलीत बसलेल्या ठेलेवाल्याला मात्र विचारलं, "पानी पेला का गा?"

लग्न वेळेवर लागलं. बुद्धवंदना चालू असताना मिस्त्री पहिल्या रांगेत उभा होता. हात जोडायचे होते, पण नखांतला काळा रंग निघाला नव्हता, म्हणून त्यानं बोटं आत वळवून मुठी जोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई पायी निघाल्या. कॉलेजचा रस्ता तोच, म्हणून मी बरोबर होते. त्या थेट मिस्त्रीच्या शेडवर गेल्या. दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. मला वाटलं, आता त्याची हजेरी घेतली जाणार. मिस्त्रीलाही तसंच वाटलं असावं, कारण तो उठून उभा राहिला.

"मिस्त्री, मले मांगच्या सोमवारीच कळलं होतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "काडीले डिझेलचा वास होता. तीस वर्सं वासावरून मी बिमाऱ्या वळखल्या, हा नसता वळखला का? पन तू हासला, तं मीबी हासली. काहून का, जुना पंप खोलला असता तं साऱ्या मोहल्ल्यात झालं असतं का सिस्टरबाईचं काम फसलं. आठ दिवस गाडी तशीच हाकली. काल त्या पोट्टीले काई झालं असतं तं?"

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. मिस्त्री हातातला पाना फडक्यानं पुसत राहिला. तो पाना आधीच स्वच्छ होता.

"जुना राहू द्या म्हनून मीच सांगतलं होतं," तो अखेर म्हणाला.

"हौ. तूनंच सांगतलं होतं."

"अन् हासलोबी मीच."

"हास ना बापा. पन हासता हासता खोल."

एवढं बोलून त्या वळल्या. त्या दिवशी दुपारी मी परत आले तेव्हा अंगणात गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते मिस्त्रीचे होते. कुणी न बोलावता तो आला होता आणि इलेक्ट्रिक पंप सुटा करून, फुंकून, तपासून बघत होता. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. त्यानं तसं सांगितल्याबरोबर सिस्टरबाईंनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली.

"इकडे ये वं. ऐक."